तिसऱ्या आवाजाची जागा

गाणारे मी पुष्कळ ऐकले, पण गाण्यापेक्षा गप्प बसण्यात जास्त वेळ घालवणारा गवई एकच पाहिला. तो आमचा घरमालक होता. संध्याकाळी पाच वाजले की खालच्या मजल्यावरून त्याचा आवाज यायचा. उंच, बारीक, वयानं कडेला थोडा फाटलेला. एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. बराच वेळ काहीच नाही. मग मध्येच दोन शब्द टाकायचा, आणि पुन्हा चिडीचूप. मी लहानपणी नागपूरला चार वर्षं तबल्याच्या क्लासला बसलो होतो. तबला आला नाही, मोजायची खोड तेवढी लागली. तर पहिल्याच आठवड्यात मी त्याची शांतता मोजली. सोळा मात्रा, मग आठ, मग पुन्हा सोळा. दुसऱ्या दिवशी मोजली, तेवढीच. महिनाभरानं मोजली, तरी तेवढीच. गाताना माणूस लयीत राहू शकतो, पण गप्प बसताना हमखास पुढेमागे होतो. हा कधीच झाला नाही.

ही २००३ ची गोष्ट. मी हार्टफर्डच्या एका इन्शुरन्स कंपनीत कन्सल्टंट म्हणून आलो होतो. आमच्या कंपनीतली सगळी मंडळी हायवेलगतच्या एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायची. एका घरात कांदा चिरला की दुसऱ्या घरात डोळ्यांना पाणी, असा तो शेजार. मला तो नको होता. म्हणून ब्लूमफिल्डला, जिथे सगळी जमैकन वस्ती, तिथल्या एका लाकडी घराचा वरचा मजला घेतला. बायकोला म्हणालो, इथे आपल्याला कोणी डिस्टर्ब करणार नाही. ती माझ्यामागून एच-फोर व्हिसावर आलेली, त्यावर कामाची परवानगी नाही, दिवसभर घरात एकटी. पाच वाजता खालून येणारं ते अर्धंमुर्धं गाणं हीच तिला दिवसातली सोबत होती, हे मला फार उशिरा कळलं.

समोर आम्ही त्याला काका म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं. आठवणीत मात्र तो एकेरीतच येतो. सहा फुटांच्या वर उंची, डोक्यावर मोठी विणलेली टोपी आणि तिच्यात कोंबलेल्या कमरेपर्यंतच्या जटा. स्वतःला नेहमी ‘आम्ही’ म्हणायचा. आम्ही सूप करतोय, आम्ही जरा पडतोय. पुण्यात हे ऐकायची माझ्या बायकोला सवय होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात मीठ ठेवायचा नाही. बायकोनं पहिल्यांदा खिचडी नेऊन दिली तेव्हा त्यानं दारातच विचारलं, मीठ आहे का यात? आहे म्हटल्यावर हात जोडून परत दिली. जटा वाढवणाऱ्या त्याच्या पंथात मीठ चालत नाही, असा आम्ही समज करून घेतला. ते अर्धंच कारण होतं.

आणखी एक सवय. बाहेरून आला की आधी स्वतः आत शिरायचा, मग वळून दार धरून उभा राहायचा. मागून दोन माणसं सावकाश आत यावीत एवढा वेळ. मग दार लावायचा. जानेवारीत बाहेर बर्फाचं वादळ असलं तरी हेच. बायको वरून खिडकीतून बघायची आणि म्हणायची, “सगळं हीटिंग बाहेर चाललंय बघ.” आधी ती हसून म्हणायची. नंतर नुसती बघायची.

त्याच्या पुढच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. साध्या, लाकडी, ताठ पाठीच्या. अर्धगोल मांडलेल्या, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. तो स्वतः उजवीकडच्या खुर्चीवर बसून गायचा. उरलेल्या दोन्हींवर कोणाला बसू द्यायचा नाही. मी एकदा घराच्या चाव्या घ्यायला गेलो असताना हातातली भाजीची पिशवी मधल्या खुर्चीवर टेकवली. त्यानं ती उचलून खाली ठेवली, बैठकीवरून हात फिरवला आणि हळूच ‘सॉरी’ म्हणाला. ते माझ्याकडे बघून म्हटलेलं नव्हतं.

त्याची हकिगत मला त्यानंच सांगितली, एका ऑक्टोबरमधल्या रविवारी. मला म्हणाला, चल, तुला आम्ही अमेरिकेत कुठून शिरलो ते दाखवतो. विंडसरकडे जाताना तंबाखूची शेतं लागतात आणि त्यांच्या कडेला पानं वाळवायची लांबच लांब लाकडी कोठारं. त्या वेळी ती रिकामी होती. गाडी उभी करून तो त्या कोठारांकडे बघत बोलत राहिला. तोंडातून धूर सोडावा तसं सावकाश बोलायचा.

जमैकाच्या डोंगरातल्या एका खेड्यातली ही तीन मुलं. चर्चमध्ये एकत्र गायली आणि पुढे जटा वाढवून चर्चमधून हाकलली गेली. एक मुख्य आवाज, एक खर्जातला आणि हा तिसरा, वरचा. किंग्स्टनला जाऊन त्यांनी एक रेकॉर्ड केली. देवाची, गुलामीची, घरी परतण्याची गाणी. ते गाणं बेटावर इतकं चाललं, की बसचा ड्रायव्हर यांना ओळखून गाडी थांबवायचा. दुसरं गाणं ठरलं, तालीम झाली, आणि तेवढ्यात याला तंबाखूच्या शेतात तीन महिन्यांच्या कामाचं कंत्राट मिळालं. तीन महिन्यांत येतो, म्हणून आला. कंत्राट संपलं तेव्हा परतला नाही. लपून राहिला, जिथे मिळेल तिथे काम केलं. तिकडे त्या दोघांनी वाट पाहिली. शेवटी स्टुडिओत गेले आणि दोघांनीच गाणं रेकॉर्ड केलं. तिसऱ्याची जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही. जिथे जिथे याचा आवाज यायचा तिथे गप्प बसले. आला की भरेल, म्हणाले.

तो गेलाच नाही. पहिला साथीदार पुरात पूल ओलांडताना वाहून गेला. दुसऱ्याला काहीच झालं नव्हतं. त्यानं वर्षभरात जेवण सोडलं आणि तोही गेला. दोन्ही बातम्या याला पत्रानं, महिना-दोन महिन्यांनी कळल्या. जाता आलं नाही, कारण गेला असता तर पुन्हा या देशात शिरता आलं नसतं. व्हिसाच्या भीतीनं घरच्या मयताला न जाणं ही गोष्ट आम्हा लोकांना कोणी समजावून सांगावी लागत नाही.

त्यांच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस लोक जमतात, गातात, जेवतात. नवव्या दिवशी घरातलं सगळं सामान हलवतात. पलंग इकडचा तिकडे, टेबल भलतीकडे. गेलेला परत आला तर त्याला घर ओळखू येऊ नये, परकं वाटावं आणि त्यानं पुढची वाट धरावी म्हणून. आपण कावळ्याची वाट बघतो, तसंच म्हणायचं. यानं त्यातलं काहीच केलं नाही. उलट तीन खुर्च्या आणल्या, मांडल्या, आणि पुन्हा कधी हलवल्या नाहीत. रोज पाच वाजता तो त्या गाण्यात आपली राहिलेली जागा भरायला बसायचा. बाकीची जागा ते दोघं भरतात, असं त्यानं मला अगदी सहज सांगितलं. मी मान डोलावली. एकट्या म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घाला, असा माझा शहाणपणा.

त्या हिवाळ्यात एक दिवस बायको पोळ्या लाटताना काहीतरी गुणगुणत होती. चाल छान होती, खालच्या पट्टीतली, ठाय लयीतली. मी विचारलं, कुठलं गं हे? ती म्हणाली, खालच्या काकांचंच की, रोजचं. मी म्हणालो, काका हे गात नाहीत. तिनं लाटणं थांबवलं. मी मात्रा मोजलेला माणूस, मला खात्री होती. ती जे गात होती ते बरोबर त्या सोळा मात्रांत बसत होतं, जिथे तो गप्प असायचा. ती म्हणाली, “अरे, असं कसं? मी तर रोज ऐकते.” मग आम्ही दोघंही विषय बदलून मोकळे झालो. पण तेव्हापासून ती गुणगुणायची बंद झाली.

वसंतात एक गोरा माणूस आला. पन्नाशीचा, बॉस्टनचा, जुन्या जमैकन रेकॉर्ड जमवायचं वेड असलेला. त्याला किंग्स्टनच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात ती टेप सापडली होती. दोनच आवाज असलेली, तिसऱ्याची जागा मोकळी असलेली. माग काढत काढत तो ब्लूमफिल्डला पोचला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुमचा आवाज मी इथेच, याच खोलीत रेकॉर्ड करतो, टेपवर चढवतो आणि गाणं पुरं करतो. त्यानं टेपची कॉपी लावली. आम्ही दोघं जिन्यात उभे होतो. पहिले दोन आवाज निघाले आणि बायकोनं माझं मनगट धरलं. तिचीच चाल होती. जशीच्या तशी.

म्हाताऱ्यानं टेप शेवटपर्यंत ऐकली, उठून त्या माणसाचे हात हातात घेतले आणि आत्ता नको म्हणाला. तो गेल्यावर मी कारण विचारलं. त्याला मनापासून गायचं होतं. त्यासाठी तर चोवीस वर्षं रोज तयारी केली होती. आवाज जात चालला होता, आणखी वर्षभरानं तो वरचा सूर लागला नसता, हेही त्याला ठाऊक होतं. पण त्याला भीती होती.

“ते माझ्या जागेसाठी थांबलेत,” तो म्हणाला. “ती भरली की त्यांना इथे बसायचं कारण काय उरलं?”

मी म्हणालो, काका, विचार करा. उन्हाळा असाच गेला. बॉस्टनवाला फोन करायचा आणि हा म्हणायचा, बघू.

मग गणपती आले. आता इथे आमची, म्हणजे आम्हा मराठी लोकांची, एक जुनी रीत मध्ये येते. घरी माणसं जास्त झाली की खुर्च्या शेजाऱ्याकडून आणायच्या. त्यात विचारण्यासारखं काही असतं, असं आपल्याला वाटतच नाही. लग्नात आख्खी चाळ एकमेकांच्या सतरंज्यांवर जेवते. म्हातारा त्या वीकेंडला मुलीकडे ब्रुकलिनला गेला होता, झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. आम्ही पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चाळीस जणांना बोलावून बसलो होतो आणि फोल्डिंग खुर्च्या आणणाऱ्या मित्राचं आयत्या वेळी कॅन्सल झालं. बायको नको म्हणत होती. मी म्हणालो, दोन तासांचा तर प्रश्न आहे, त्याला कळणारही नाही. तिन्ही खुर्च्या वर आणल्या आणि दारालगत मांडल्या.

आरती झकास झाली. चाळीस माणसं, टाळ, कोणी ताट बडवतंय, लाकडी घर दणाणून गेलं. जेवणं झाली. निघताना माझ्या ऑफिसमधल्या एकाची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू, बायकोला म्हणाल्या, “ते दारापाशी बसले होते न दोघं पाहुणे, त्यांनी काहीच नाही घेतलं बाई. मी दोनदा मोदक नेऊन दिले. नुसते हसत होते न मान हलवत होते. गाणं मात्र मन लावून ऐकत होते हो.” बायकोनं विचारलं, कोण पाहुणे? काकू म्हणाल्या, “आता मला काय माहीत, तुमचेच न ते? चांगले होते बिचारे. लांब केसांचे.”

मी बायकोला म्हणालो, काकूंचा चष्मा जुना आहे. त्याच संध्याकाळी खुर्च्या खाली नेल्या आणि कार्पेटवर पायांचे जे खड्डे पडले होते त्यांत तंतोतंत बसवल्या. नखाएवढा फरक नव्हता.

सोमवारी म्हातारा परतला. पाच वाजले. तो उजवीकडच्या खुर्चीवर बसला असणार, कारण लाकूड करकरलं. त्यानं पहिली ओळ म्हटली, थांबला, आणि सोळा मात्रांनंतर आलाच नाही. मी मोजत होतो. वीस झाल्या, तीस झाल्या. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा तेच. मंगळवारी एकच ओळ. बुधवारी काहीच नाही. गुरुवारी मी ऑफिसातून आलो तर बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. म्हणाली, “मला पाच वाजता हॉलमध्ये बसवत नाही. दारापाशी कोणीतरी गायचं थांबून बसलंय असं वाटतं. तू जा आणि काकांना सांग.”

गेलो. ती बरोबर आली. तो आपल्या खुर्चीवर बसला होता, टोपी मांडीवर, जटा मोकळ्या, आणि चार दिवसांत एकदम म्हातारा झालेला. मी सांगितलं की खुर्च्या मी वर नेल्या होत्या. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. त्यानं फक्त मान वर केली.

“वर काय चाललं होतं?”

“देवाचं गाणं,” बायको म्हणाली. “सगळे मिळून गात होतो.”

“त्यांनी काही खाल्लं?”

काकूंचं बोलणं आम्ही त्याला सांगितलेलं नव्हतं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “नाही. दोनदा दिलं, पण नाही घेतलं.”

“मीठ होतं?”

“चिमूटभर. उकडीत घालावंच लागतं.”

त्यानं मान हलवली. गेलेले मिठाला शिवत नाहीत, त्यांना ते जड होतं, असं त्यानं आम्हाला तेव्हा सांगितलं. घरात मीठ नव्हतं ते त्यांच्यासाठी. बायको रडत होती. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

“चोवीस वर्षांत त्यांना कोणी गाण्यात बोलावलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी नुसतं बसवून ठेवलं. माझ्यामुळे.” आणि मला म्हणाला, बॉस्टनच्या माणसाला फोन लाव.

शनिवारी भर दुपारी रेकॉर्डिंग झालं. खोलीला ब्लँकेटं लावली होती, मधोमध माइक. त्याच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे टेपवरचे दोघं त्यालाच ऐकू येत होते. आम्हाला फक्त त्याचा आवाज आणि नेहमीच्या त्या रिकाम्या जागा. एकदाच गायला, एकदाही अडखळला नाही. वरचा सूर असा लागला की त्या गोऱ्या माणसानं डोळे मिटले. शेवटी म्हाताऱ्यानं एक ओळ म्हटली जी मी कधीच ऐकली नव्हती. इतक्या वर्षांत तो रोज तिच्या अलीकडेच थांबत आला होता, हे मला तेव्हा कळलं. ती ओळ संपली आणि तो हेडफोन काढून खाली बघत बसला. मग बॉस्टनवाल्यानं त्याचा आवाज चढवून टेप लावली. तीन आवाज एकदम निघाले. ते वर्णन करायची माझी ताकद नाही. माणूस घरी आल्यावर जसं वाटतं, तसं ते होतं.

“आता सामान हलवा,” तो म्हणाला.

आम्ही तिघांनी मिळून सगळं घर फिरवलं. पलंग पुढच्या खोलीत, सोफा मागे, टेबल भिंतीला, तसबिरी समोरच्या भिंतींवर. एक खुर्ची वर, एक पोर्चमध्ये, एक तळघरात. तो प्रत्येक वस्तूला हात लावून, पुढे, अजून पुढे, असं सांगत होता. घामाघूम होईपर्यंत आम्ही काम केलं. शेवटी त्यानं समोरचं दार सताड उघडलं, दाराबाहेर त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि जरा पाय मोकळे करून येतो म्हणून गेला. मला खरंच हलकं वाटलं. बायकोनं चहा टाकला. चोवीस वर्षांचं ओझं उतरवायला आपण हातभार लावला, असं काहीसं मी तिला बोलूनही गेलो.

अर्ध्या तासानं खालच्या दारावर टकटक झाली. स्वतःच्या दारावर. मी खाली गेलो. तो पायरीवर उभा होता, टोपी हातात. माझ्याकडे त्यानं अगदी अदबीनं पाहिलं.

“माफ करा,” तो म्हणाला. “इथे तीन माणसं राहायची. गाणारी. ती कुठे गेली, सांगू शकाल?”

मी म्हणालो, काका, आत या. तो उंबऱ्याशी वाकून आत डोकावला. पलंगाकडे, टेबलाकडे, बदललेल्या भिंतींवरच्या तसबिरींकडे बघितलं. चेहऱ्यावर ओळखीची एक रेषा नव्हती. नको म्हणाला, परक्या घरात असं शिरू नये. आणि पायरीवरच बसला.

बायको, मी आणि तो बॉस्टनचा माणूस, तिघांनी धावतपळत सगळं पुन्हा होतं तिथे आणलं. पलंग, सोफा, टेबल. खुर्च्या शोधून आणल्या, कार्पेटवरच्या खड्ड्यांत बसवल्या. सगळं पहिल्यासारखं झाल्यावर बायकोनं त्याचा हात धरून त्याला आत आणलं. या वेळी तो आला. खोलीभर फिरला, सगळं नीट बघितलं. पाच वाजून गेले होते. मी त्याची खुर्ची पुढे केली.

तो बसला नाही. छान घर आहे, म्हणाला. मुली, तुम्ही दोघांनी फार नीट ठेवलंय. मग दाराकडे गेला, ते उघडलं, या वेळी आधी स्वतः बाहेर पडला, आणि मागून दोघं बाहेर यावेत एवढा वेळ दार धरून उभा राहिला.